चौथी हाक

तो दिवा मालवा आधी, डोळ्यांवर येतोय. खिडकी राहू दे उघडी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मध्येच कोणी दात काढलेले चालणार नाहीत.

गोष्ट माझ्या मेहुण्याची. धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस थापा मारणाऱ्यातला नाही. उलट इतका काटेकोर की चहात साखर घालतानासुद्धा चमचा सपाट करून घेणार. त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जातो. म्हणून मीच सांगतो.

त्याचं काम नकाशे करायचं, एका पक्ष्यासाठी. त्या पक्ष्याला आम्ही घरात तुरतुऱ्या म्हणायचो, कारण पंख असून उडायचा त्याला कंटाळा, सगळा कारभार गवतातून तुरुतुरु पळत. तितराएवढा, मातीच्या रंगाचा. दिवसा पायाशी आला तरी दिसत नाही, रात्री तेवढा बोलतो. ओलसर जमिनीतल्या उंच गवताशिवाय तो जगत नाही, आणि तसं गवत आता उरलंय कुठे? जे उरलंय ते मेहुण्याने शोधायचं. कडेकडेने चालत हातातल्या यंत्रावर त्याची हद्द आखायची. मग आत पक्षी आहे की नाही ते बघायचं. असला, तर नकाशावर तो तुकडा हिरवा. नसला, तर पांढरा. पांढरा झाला की तिथे कोणीही काहीही बांधायला मोकळा.

तो कामाला लागला तेव्हा नकाशा चांगला हिरवागार होता. पण दरवर्षी नवा नकाशा करायचा आणि दरवर्षी हिरवा रंग कमी लागायचा. बहीण त्याला चिडवायची, "अहो, तुम्हाला ऑफिसने पेन्सिल दिलीय की खोडरबर?" तो हसायचा. पण ते त्याच्या फार मनाला लागायचं.

आता, न दिसणारा पक्षी आहे हे ओळखायचं कसं? तर त्याला हाक मारायची. छोट्या स्पीकरवर तुरतुऱ्याचा आवाज वाजवायचा आणि गप्प थांबायचं. गवतात खरा असेल तर उत्तर देतो. हा आवाज फार पूर्वी एका म्हाताऱ्या पक्षीवाल्याने टिपला होता, आणि टिपताना शेवटी त्याला आला ठसका! तोही तसाच राहिला. टुक टुक टूऽऽ... आणि मग म्हाताऱ्याचं "अहं-हं." ऑफिसातली पोरं त्याला खोकलेबुवा म्हणायची. पक्षी कमी, खोकलाच जास्त, अशी थट्टा चालायची. खोकलेबुवा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरीच गेला, आपल्या अंथरुणात, चारचौघांसारखा.

जाताना एक नियम मात्र घालून गेला. हाक तीनदा मारायची. चौथ्यांदा कधीच नाही. कारण तीनपर्यंत पक्षी नुसतं ऐकतो. पुढे गेलं की त्याला वाटतं, कोणीतरी आपली जागा बळकावायला आलंय. मग तो अंडी सोडून भांडायला बाहेर पडतो. अंडी गार होतात. खेळ खलास.

तर गुरुवारची रात्र. शनिवारी अमावास्या. मेहुणा आणि त्याचा ड्रायव्हर जेवणं आटोपून निघाले. एकच तुकडा तपासायचा राहिला होता. बाकीचे सगळे पांढरे. हा कसा होता सांगतो. एका अंगाला मोठा रस्ता, दुसऱ्या अंगाला गोदामाची लांबच लांब भिंत, तिसरीकडे कालवा, चौथीकडे तारेचं कुंपण, आणि मध्ये पुरुषभर उंच गवत. एवढंसं! या टोकाला विडी पेटवावी तर त्या टोकाला ती संपूसुद्धा नये. सकाळी नकाशा द्यायचा होता. गोदाम वाढवायचं म्हणून खोदायची यंत्रं कालव्याच्या पुलाशी येऊन उभीच होती.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी गाडीतच बसतो. गवतात साप असतात."

"आणि रस्त्यावर ट्रक असतात."

"ट्रकला दिवे असतात, साहेब."

मेहुणा हसला आणि कामाला लागला. आधी चारही कडांनी फिरून हद्द आखली. मग गवत बाजूला सारत आत शिरला. पायाखाली चिखल, वर गोदामाच्या दिव्यांचा फिका उजेड. एका जागी थांबून त्याने पहिली हाक वाजवली. बेडूक ओरडत होते तेवढंच. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी.

काही नाही.

संपलं होतं. यंत्रावर एक बोट टेकवायचं, की तुकडा पांढरा. आणि नुसता तुकडा नाही, तुरतुऱ्याच नकाशावरून पुसला जाणार, तोही त्याच्या हाताने. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. क्षणभर वाटलं, खोटं खोटं हिरवं करून टाकावं, कोण बघतंय? पण चमचा सपाट करणारा माणूस तो, हात काही उठेना. खोटं बोलवेना आणि खरंही लिहवेना, तेव्हा त्याने तिसरंच केलं.

त्याने चौथ्यांदा हाक वाजवली.

मग पाचव्यांदा. मग सहाव्यांदा. माणूस एकदा घसरला की घसरतच जातो.

आणि बेडूक थांबले. सगळे, एकदम.

गवतातून आवाज आला. टुक टुक टूऽऽ...

अरे, त्याला किती आनंद झाला! ऊर भरून आला. बोट हिरव्यावर टेकवणार, तेवढ्यात...

"अहं-हं."

त्याने स्पीकरकडे पाहिलं. स्पीकर बंद होता. त्याने तो हलवला, कानाला लावला. बंद. हाताला गार लागत होता.

पुन्हा आवाज आला. पुढून, जरा जवळून. टुक टुक टूऽऽ... अहं-हं.

तो मागे वळला आणि गोदामाच्या दिव्यांकडे चालायला लागला. चार ढांगांचं गवत ते. पण गवत संपेना. दिवे समोर होते, बघता बघता डावीकडे गेले, आणि मग चक्क पाठीमागे. म्हणाला, ठीक आहे, रस्ता गाठू. ट्रकचे आवाज ऐकू येत होते, अगदी इथे, कानाशी. चालला. गवत... गवत... आणि पुन्हा समोर गोदामाचे दिवे.

त्याने ड्रायव्हरला फोन लावला.

"अरे, हॉर्न वाजव जरा. वाट चुकलोय."

"साहेब, तुमची बॅटरी दिसतेय की मला! नुसते गोल गोल काय फिरताय? सरळ या ना."

"सरळच येतोय रे!"

"नाही हो..." ड्रायव्हर थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मध्येच दचकल्यासारखे वळताय तुम्ही. कोणी... अडवतंय का?"

मेहुण्याने बॅटरी चारही अंगांना फिरवली. मग फोनही गेला.

हॉर्न वाजला. एकदा उजवीकडून. एकदा मागून.

उजेडाच्या मागे जाऊन जमत नाही, तर गवताच्या मधूनच घुसायचं, असं त्याने ठरवलं. डोळे मिटले, हात पुढे धरले, आणि निघाला.

"अहं-हं."

हाताच्या अंतरावर. समोर. जिवंत माणूस घसा साफ करतो तसं... तोंडावर श्वास लागावा इतकं जवळ.

तो वळला. दुसरीकडून घुसला.

"अहं-हं."

तिसरीकडून.

"अहं-हं."

मग तो उभाच राहिला. चारही अंगांनी उजेड, चारही अंगांनी माणसांचे आवाज, आणि वाट कुठेच नाही. त्याला वाटलं, तुरतुऱ्याला रोज रात्री हेच दिसत असणार. दिवे. भिंत. तार. जायचं कुठे? आणि तो रडायला लागला. मोठा बाप्या, चिखलात उभा राहून, लहान पोरासारखा हुंदके देऊन.

बॅटरी संपली. तो हलला नाही.

रात्रभर... हलला नाही.

उजाडलं तसा ड्रायव्हर साप-बिप विसरून आत शिरला. सरळ चालत आला. मेहुणा त्याला रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर सापडला. ओठ सुकलेले, चेहरा पांढराफटक. हातातल्या यंत्रात मात्र रात्रीची त्याची वाट उमटलेली होती. घाण्याचा बैल बरा, अशा चकरांवर चकरा. आणि सगळ्या चकरांच्या मधोमध एक एवढीशी जागा सुटलेली. तेवढ्याच जागेत त्याचं पाऊल एकदाही पडलं नव्हतं.

"जाऊ द्या साहेब, घरी चला," ड्रायव्हर म्हणाला. पण मेहुण्याचं लक्ष यंत्राकडे. तो त्या जागेकडे चालायला लागला. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही.

त्याने गवत बाजूला केलं आणि पायातून काहीतरी तुरुतुरु पळालं. मातीच्या रंगाचं. चिखलात गवताचा एक उंचवटा होता, त्यावर खळगा, आणि खळग्यात चार अंडी. रात्री मधून घुसताना पाय टाकला असता तर थेट त्यांच्यावर पडला असता. त्याने पालथा हात अंड्यांवर धरून पाहिला. ऊब लागत होती.

तुकडा हिरवा झाला. यंत्रं पुलावरून माघारी गेली. आजही गवत तिथे आहे, जाऊन बघा.

काय रे? "काका, मग भूत कुठे आहे?" म्हणे. खोकल्याचं काय, वाऱ्याने पण वाजतं असं काहीबाही, असंच ना? मीही मेहुण्याला तेच म्हणालो होतो. तो उठला, दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "दादा, मी वाकलो होतो ना, तेव्हा शेजारी बघितलं..."

अंड्यांच्या दोन्ही अंगांना एकेक पाऊल उमटलेलं होतं. अनवाणी, माणसाचं. बोटं मेहुणा रात्रभर उभा होता त्या बाजूला, अंडी मधोमध. आजूबाजूच्या ओल्या चिखलात येण्याचा ठसा नाही. जाण्याचाही नाही. नुसती ती दोन, खोल, बराच वेळ उभं राहिल्यासारखी.

आणि त्या दोन्ही पावलांत पाणी अजून हळूहळू भरत होतं...