तीन किलो कमी

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर भूत निदान रात्री तरी आणलं असतं.

घडलं मागच्या मे महिन्यात, सिंदी मेघेत, भर दुपारी पावणेतीनला.

मयुरी बंडूजींच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. यंत्रांची कागदावरची जुनी ड्रॉइंगं बघून स्क्रीनवर भरीव मॉडेल उभं करायचं, हे तिचं काम. त्या दिवशी जिनिंग मशीनचं तोंड होतं. ओतीव लोखंडाचं. कामावरची बाई त्यातून कापूस आत ढकलते. संध्याकाळी फाईल ओतशाळेत जायची होती.

मॉडेल झालं. तिनं वजन काढून ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडलं.

तीन किलो कमी...

"रुपेश, माया फाईलले हात काऊन लावला?"

"मी तं डबा खाऊन राह्यलो, बाई!" शेजारच्या टेबलावरून रुपेश म्हणाला.

तिनं सगळं पुसून पुन्हा काढलं.

पुन्हा तीन किलो कमी.

मयुरी घाबरली नाही. तिचं डोकं फिरलं. तिनं स्क्रीनवरच मॉडेल मधोमध कापलं.

आत पोकळी होती...

मनगट. तळवा. पाच बोटं.

तेवढ्यात कुठूनतरी घरघर ऐकू आली... जिनिंग चालू असल्यासारखी. मे महिन्यात जिनिंग बंद असतं.

तिनं कागद उजेडात धरला. तोंडावर व्हाइटनरचा पट्टा होता. नखानं खरवडला, तर खाली जाळी.

"बंडूजी! ही जाळी कोणं पुसली?"

"म्याच पुसली. कापूस अडकते म्हणे जिनवाला. तू गुपचूप काढ न."

"हात कोणाचा गेल्ता?"

बंडूजींचा कप ओठाशीच थांबला. "तुले कोणं सांगतलं?"

"नाव सांगा."

"...तानाबाई. दवाखान्यातच गेली बिचारी. तिच्यानंतरच तं जाळी टाकली होती."

"अन् तुमी ते पुसली! लाज नाई वाटत?"

"नोकरी करा लागते का नाई तुले?"

"माया खुर्चीवर तिलेच बसवा. हाताचं माप बरोबर काढते."

मयुरीनं जाळी टाकली. मॉडेल पुन्हा कापून पाहिलं. आत भरीव. वजन बरोबर. फाईल ओतशाळेला पाठवली, पिशवी उचलली आणि निघाली. बंडूजींनी फाईल परत मागवली नाही. घरघर त्यांनाही ऐकू येत होती.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं. मयुरीला राहवेना, ती पाहायला गेली. तोंडाला जाळी होती. मशीनवर वच्छलाबाई नावाची म्हातारी होती.

"मावशी, जाळीचा तरास होते का? कापूस अडकते?"

"अडकते न. पण हात घालाच लागत नाई. ते आतून वढून घेते."

"कोण?"

वच्छलाबाईनं कापसाचा पुंजका जाळीपाशी धरला. तो सर्रकन आत गेला... मशीन अजून चालू केलंच नव्हतं.

"एकच हात हाय तिले," वच्छलाबाई म्हणाली, "पण कामाची हाय."

मयुरीनं तेव्हापासून कापसाची गादी सोडली. फोमवर झोपते.

झोप तिथंही लागत नाही.