थांबरस

मुळशी रस्त्याला आता कुणी इमारती बांधत नसे. त्या वाढवल्या जात. समुद्रात प्रवाळ खडक रचतात, तसे चुनजीव नावाचे सूक्ष्म जीव जाळीवर चुन्याचे थर देत. भिंत हवी तेवढी जाड झाली, की तिच्यावर थांबरस फवारायचा. त्या रसानं चुनजीव कायमचे निजत. हा रस वैजयंती रणपिसेनं शोधला होता.

बिल्डर खांडग्यांचा सगळ्यात उंच मनोरा तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसे. त्याचे मजले वाढत असतानाच तिथं तिचा धाकटा भाऊ दिगंबर गेला. तो साइटवर सुपरवायझर होता. स्लॅब अजून कोवळा आहे, माणसं चढवू नका, असं तो सांगत होता. खांडग्यांना दसऱ्याला ताबा द्यायचा होता. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा मजुरांच्या आधी दिगंबर स्वतः पुढे झाला आणि स्लॅबसकट खाली गेला. चौकशीत चूक त्याचीच ठरली.

वैजयंतीनं खांडग्यांकडची नोकरी सोडली नाही. खांडग्यांनी सर्वांत वरचा मजला स्वतःला ठेवला, तेव्हा तिथला थांबरस तिनं आपल्या हातानं कालवला. रस थोडा, पाणी फार.

वर्षभरानं खांडग्यांनी तिला घरी बोलावलं. दिवाणखान्याची खिडकी भिंतीनं कडेनं गिळायला घेतली होती.

"बाई, हा काय प्रकार आहे?"

"चुनजीव जागे झालेत. पुरते निजलेच नव्हते."

"मग परत फवारा."

"वाळल्या भिंतीत रस मुरत नाही, साहेब. ती आत आत येत राहणार."

"कुठपर्यंत?"

"समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत."

"म्हणजे घर सोडायचं."

"सोडा की. पण का सोडलं, हे लोक विचारतील. तुमचे बाकीचे मनोरे मग कोण घेईल?"

खांडग्यांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "रणपिसे म्हणजे... तो सुपरवायझर तुमचा कोण?" आजवर हे विचारायची त्यांना गरजच पडली नव्हती.

"धाकटा भाऊ," वैजयंती म्हणाली आणि निघाली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

पावसाळा सरल्यावर त्याच मनोऱ्यातून, खांडग्यांच्या खालच्या मजल्यावरून, तडवळकर नावाच्या गृहस्थांचा प्रयोगशाळेत फोन आला.

"मॅडम, नातीच्या खोलीचं दार उघडत नाही. भिंत पुढे आल्यासारखी वाटते. आमच्याच डोळ्यांचा दोष असेल म्हणा."

जागे चुनजीव शेजारच्या निजलेल्यांनाही उठवत होते. मजल्यामागून मजला उठणार होता. तिनं खिडकीतून पाहिलं. मनोऱ्याच्या प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत होते.

खरं सांगितलं, तर सगळा मनोरा रिकामा होईल. मग खांडग्यांना लपवायला काही उरणार नाही. तेही चार लोकांबरोबर सामान बांधून मोकळे होतील.

"मॅडम, ऐकताय ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "लाकूड फुगलं असेल, काका. सुताराला बोलवा आणि दार थोडं तासून घ्या."