तांबुळवेढ्याची वेस

फाल्गुनातली पहाट फुटली तेव्हा कसबे तांबुळवेढ्याच्या गावकुसाभोवती धूर कोंडला होता. महिनाभर वेढा घालून कंटाळलेल्या मोगली सरदाराने माळ्यांचे मळे, साळ्यांच्या बागा आणि खुद्द पाटलांची उभी ज्वारी जाळून टाकली होती. निंबाजी पाटील बुरुजावरून ते डोळ्यांनी पाहत असता त्यांच्या ध्यानी आले, की ओढ्यापलीकडची कुंभारांची शेते मात्र जशीच्या तशी उभी आहेत. आता कुंभार शत्रूला फितूर झाले असे लोक म्हणणार, हे त्यांनी ताडले. भय शत्रूचे नव्हते. भय होते आपल्याच माणसांच्या जिभांचे.

कारण हा कसबा कोणा किल्लेदाराच्या जोरावर उभा नव्हता. इथे गोतसभा बोले आणि गाव चाले. कुसाच्या तीन बाजूंना तीन आळ्या, आणि वाडवडिलांची रीत अशी, की आपल्या पाठीची भिंत आपण राखायची नाही. माळ्यांची भिंत साळ्यांनी राखायची, साळ्यांची कुंभारांनी, कुंभारांची माळ्यांनी; वेस तेवढी पाळीपाळीने सगळ्यांनी. दुसऱ्याची लेकरे हाती दिली की माणूस डोळ्याला डोळा लावत नाही, हे त्या जुन्या खोडांना पक्के ठाऊक होते. याच रीतीवर गावाने दोन वेढे परतवले होते.

सकाळी देवळापुढे गोत बसले. साळ्यांचे म्होरके चांगोजी उठले आणि फितुरांच्या हाती आमची भिंत नको, असे तोंडावर बोलले. माळ्यांनी री ओढली. तेव्हा कुंभारांचे वृद्ध म्होरके रखमाजी पुढे आले, बेलभंडारा उचलून शपथ वाहिली आणि म्हणाले, "तुमच्या लेकींच्या लग्नाची बोळकी या हातांनी घडवली, दादांनो. आज त्याच हातांचा वहीम धरता?"

म्हातारा सोन्यासारखा आहे, हे पाटील जाणून होते. 'मी यांचा जामीन' एवढा एकच शब्द त्यांनी काढायचा होता. पण ज्वारी त्यांचीही जळाली होती ना! ते खाली पाहत म्हणाले, "ज्याने त्याने आपापली भिंत राखावी."

झाले! जो तो आपल्या आळीकडे धावला. अपमानाने पेटलेले कुंभारांचे तरणेही घरचीच भिंत धरून बसले. वेशीची त्या दिवसाची पाळी कुंभारांची, म्हणून रखमाजी मात्र भाला घेऊन एकटेच तिथे गेले.

तिसऱ्या प्रहरी शत्रूची नौबत वाजली आणि सारी फौज वेशीवर लोटली. पाटलांनी साळेआळीत धावत जाऊन माणसे मागितली. चांगोजी जागचे हलले नाहीत.

"आम्ही भिंत सोडली आणि मागून कोणी दगा केला तर? भरवसा कोणाचा धरावा, पाटील?"

शेवटी पाटील घरचे चार गडी घेऊन धावले, तोवर दरवाजा फुटला होता. अडसराला पाठ लावून लढलेला म्हातारा उंबऱ्यावर पडला होता, आणि त्याच्या अंगावरून घोडी आत येत होती.

दुसऱ्या दिवशी सरदाराने पाटलांना डेऱ्यात बोलावले. बोलता बोलता पाटलांनी कुंभारांच्या शेतांचे विचारलेच. "तिकडे मातीचे खड्डे फार," सरदार सहज म्हणाला, "आमची दोन घोडी पाय मोडून पडली. मग कोण जातो मरायला?" सरदार पुढे म्हणाला, की गावकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून अभयाचा कौल घ्यावा, म्हणजे इथे ठाणे बसवणार नाही. कारभार गोतसभेनेच करावा.

पाटील आळ्याआळ्यांतून फिरले. माळी साळ्यांना जामीन राहीनात, साळी माळ्यांना. रखमाजींची विधवा मैनाबाई दारातच उभी राहिली. "आमचं कोण जामीन राहिलं होतं, पाटील?" एवढेच तिने विचारले आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी पाटील डेऱ्यात परतले, हात जोडले आणि म्हणाले, "हुजूर, ठाणे बसवावे."

परमुलखातले शिपाई वेशीवर उभे राहिले. आणि खोटे कशाला सांगावे, गावाला त्या रात्री शांत झोप लागली.