नेतासरची काशाची वाटी

बसा. खाट करकरते, पण मोडत नाही. अगं पेमी, दोन कप चहा टाक, आणि आलं घाल जरा! आणि जाताना दिवा लाव.

तर उद्याचं ठरवू. सकाळी बडा बाग, राजांच्या समाध्यांच्या छत्र्यांवर कोवळं ऊन असतं तेव्हाच. मग लोद्रवा. तिथल्या देवळाची जाळी दगडाची आहे हे बोट लावल्याशिवाय पटत नाही, आणि संध्याकाळी सम गावची वाळू. तेवीस वर्षं मी ह्याच रस्त्यावर जीप हाकतोय आणि एक दिवस कंटाळा आला असेल तर शपथ. ह्या मुलखात डोळ्यांना अडवायला काही नाही हो. माणूस आपोआप मोठा श्वास घेतो.

आणि तुम्हाला हवंय नेतासर. जैसलमेरात कुठल्याही जीपवाल्याला विचारा, तो म्हणेल, लूणारामला विचारा. आणि हा लूणाराम आठ महिने झाले तिथे कुणाला नेत नाही. का ते सांगतो. पण आधी माझ्या भुआचं सांगायला हवं.

भुआ म्हणजे आत्या. नाव धापू. आमच्याकडे मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव धापू ठेवतात, म्हणजे देवा, आता पुरे. त्या पुरे झालेल्या पोरीने सगळ्या भावांना मागे टाकलं. आम्ही पगी. वाळूतला माग काढणं हे आमचं पिढीजात काम, आणि भुआसारखी पगी ह्या मुलखात झाली नाही. पाऊल बघून सांगायची, बाई पोटुशी आहे, पाचवा महिना. एकदा चोराच्या मागावर गेली आणि फौजदाराला म्हणाली, "जोडे एका भावाचे आहेत, पाय दुसऱ्याचा आहे. दोघांनाही पकडू नका, जोडे चावतायत त्याला पकडा." फौजदार हसला. संध्याकाळी टाचेला फोड आलेला माणूस सापडला, तेव्हा त्याने भुआला वाकून नमस्कार केला. मी पाहिलंय.

मला शिकवलं तिनेच. टपली मारून म्हणायची, "लूण्या, डाव्या टाचेवर भार देतोस मेल्या. तू हरवलास तर आंधळीसुद्धा शोधेल तुला."

आमचा एक नियम आहे. हरवलेल्याचं पहिलं स्पष्ट पाऊल सापडलं की त्यावर भांडं पालथं घालायचं. वाऱ्याने पुसू नये म्हणून, हे झालं लोकांसाठी. भुआ सांगायची ते वेगळं. झाकलेलं पाऊल म्हणजे दिलेला शब्द. माणूस सापडला की शोधणाऱ्याने आपल्या हाताने भांडं उचलायचं आणि पाऊल तळहाताने पुसायचं. तोवर शोधणाऱ्याला विसावा नाही आणि हरवलेल्यालाही नाही. तिच्याकडे त्यासाठी काशाची वाटी होती, काठाला खोच पडलेली.

बारा वर्षांपूर्वी एका धनगराची मुकी पोर नेतासरकडे हरवली. भुआ गेली. संध्याकाळी पोर एकटी घरी आली, हातात भुआची वाटी घेऊन. भुआ आली नाही.

मी गेलो. नेतासर म्हणजे ओसाड गाव, पडक्या भिंती आणि एक आटलेली विहीर. विहिरीपाशी तिचं पाऊल मिळालं. डाव्या पायाला करंगळी नाही, लहानपणी रहाटात गेलेली, त्यामुळे चूक होणं शक्यच नव्हतं. मी त्यावर तिचीच वाटी पालथी घातली. रात्री वावटळ उठली ती तीन दिवस. चौथ्या दिवशी ना पाऊल, ना वाटी. दहा दिवस शोधलं मी. अकराव्या दिवशी घरी बसलो. बाराव्याला तिच्या नावाने गावजेवण घातलं.

लोक म्हणाले, तू तरी काय करणार? मीही तसंच म्हणालो. पण झाकलेलं पाऊल तसंच टाकून आलो होतो, आणि हे मला ठाऊक होतं.

घ्या, चहा घ्या. बिस्किट घ्या की!

ह्या होळीनंतर कानपूरचं एक जोडपं आलं. अवस्थी मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांची बायको, त्यांना मी मांजी म्हणायचो. मास्तरांचं एकच पालुपद, "पुरावा?" मी म्हटलं ही छत्री तीनशे वर्षांची, की "पुरावा?" मी म्हटलं ऊन चढेल, टोपी घाला, की "पुरावा?" मांजी म्हणाल्या, "चाळीस वर्षं ऐकतेय मी. लग्नाची तेवढी पत्रिका जपून ठेवलीय, नाहीतर तीही नाकारतील."

नेतासरला पोचलो आणि बाभळीचा काटा टायरमध्ये गेला. मी चाक काढायला बसलो, मांजी जीपच्या सावलीत. मास्तर म्हणाले, विहीर बघून येतो. चाक बसवून मान वर केली तर ऊन डोक्यावर, आणि मास्तर नाहीत.

हाका मारल्या. आवाज जायचा आणि परत यायचाच नाही.

मांजींच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. मास्तरांची. भरलेली. त्या म्हणाल्या, "साखरेचा आजार आहे त्यांना. गोळी घेतलीय, जेवले नाहीत... भैया, किती वेळ आहे आपल्याकडे?"

मी म्हटलं, "पुष्कळ." खोटं बोललो. त्या उन्हात, त्या वयाला, दोन तास. त्यातला पाऊण तास गेला होता.

विहिरीमागे मास्तरांच्या बुटाचा ठसा मिळाला. त्यावर डब्याचं झाकण पालथं घातलं आणि निघालो. भर माध्यान्हीला माग काढणं सगळ्यांत अवघड, कारण सावली नसते. पाऊल म्हणजे खड्डा, आणि सावलीशिवाय खड्डा दिसत नाही. दर पाच पावलांना मी गुडघ्यावर बसत होतो. मास्तर सरळ पश्चिमेला गेले होते, मृगजळाकडे. मग पावलं वेडीवाकडी व्हायला लागली. एका जागी बसले होते. एका जागी पडले होते. हाताचा पंजा उमटला होता.

आणि तिथे दुसरी पावलं आली.

अनवाणी. बाईची. कुठून आली ते नाही दिसलं, तिथेच सुरू झाली होती. वारा वाहत होता, मास्तरांच्या पावलांच्या कडा ढासळत होत्या, पण ह्या पावलांचा एक कण हलत नव्हता. आणि त्या पावलांत सावली होती. सूर्य डोक्यावर, माझी स्वतःची सावली पायाखाली गेलेली, आणि त्या प्रत्येक पावलात काळीभोर सावली, पाणी भरल्यासारखी...

डाव्या पायाला करंगळी नव्हती.

माझे दात वाजायला लागले, त्या उन्हात. वास आला, ओल्या मातीचा. मैलोन्मैल जिथे थेंब नाही तिथे ओल्या मातीचा वास. मी पुटपुटलो, "भुआ...?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला. म्हटलं, ओ आली तर काय करू?

पुढे बुटाचं पाऊल आणि अनवाणी पाऊल शेजारी शेजारी. दहा पावलं. मग बुटाचं पाऊल संपलं.

अनवाणी तेवढं पुढे गेलं. पण आता ते खोल होतं, दुप्पट खोल. टाच रुतलेली, बोटं पसरलेली. कुठल्याही पग्याच्या पोराला विचारा, ह्याचा अर्थ एकच. तिने उचललं होतं त्याला.

मला पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मांजींच्या मांडीवरची ती बाटली आठवली. आणि मनात आलं, बारा वर्षं झाली, ही बाई थांबलेली नाही. मी अकराव्या दिवशी घरी बसलो आणि ही अजून माणसं शोधतेय! भीती होतीच, पण ऊर भरून आला. अशी माझी भुआ.

वाळूच्या टेकडीआड एक खेजडीचं झाड होतं. मास्तर बुंध्याला टेकून बसलेले. ओठ ओले. सदरा पुढून भिजलेला. बूट कोरडे, वाळूचा कण नाही. आणि दोन्ही हातांत धरलेली काशाची वाटी, काठाला खोच पडलेली.

मी विचारलं, "मास्तर... कोण होतं?"

"म्हातारी," ते म्हणाले. "पाणी पाजलं. फार गार होतं रे."

"पाय पाहिलेत तिचे?"

"कडेवर होतो मी. पाय कसे दिसतील?"

पासष्ट वर्षांचा, ऐंशी किलोचा माणूस, आणि अगदी लहान पोरासारखं बोलला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच ना लूणा? ती विचारत होती... लूणा दमला का म्हणून."

मास्तरांना पाठीवर घेऊन आलो. मांजींनी आधी पाणी पाजलं, मग जे झापलं ते जैसलमेरपर्यंत झापत होत्या आणि रडत होत्या. मी झाकण उचललं, पाऊल पुसलं. मास्तरांनी पुन्हा एकदाही पुरावा मागितला नाही. उतरताना वाटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझी आहे, म्हणाली."

त्याच संध्याकाळी मी मोच्याकडून मोजड्या आणल्या. माझ्या जुन्याच, पण नवे तळ घातलेले, ट्रकच्या टायरचे. टाचेला तीन तीन खिळे. त्या पिशवीतून काढून तिथे, त्या खुंटीला अडकवल्या. वाटी कोनाड्यात ठेवली, उदबत्ती लावली आणि झोपलो.

सकाळी वाटी अंगणात होती. पालथी.

उचलून पाहिलं. खाली पाऊल. टायरची नक्षी, डावी टाच खोल रुतलेली, टोक पश्चिमेला. मोजडी माझीच. पण मी ती पायात घातलीच नव्हती हो! खुंटीवरच होती, तळ कोरा करकरीत. ते पाऊल मी अजून टाकलेलंच नव्हतं.

मी वाटी होती तशी ठेवली. ती बघा, तुळशीच्या डावीकडे. आठ महिन्यांत किती वावटळी आल्या, पत्रे उडाले, ती हलली नाही. माझी बायको पेमी म्हणते, "फेकून द्या ती एकदाची!" मी कशी फेकू? ज्याने झाकलं त्यानेच उचलायची. आणि भुआने एकदा पाऊल झाकलं की ती माणूस शोधून काढतेच. मी तिचा शोध अर्धा टाकला, पण ती माझा टाकायची नाही.

एक गोष्ट मात्र मी धरून बसलो होतो. त्या पावलात टाचेला दोनच खिळे उमटले होते, आणि माझ्या मोजडीत तीन. रोज सकाळी खुंटीपाशी जाऊन बोट लावून बघायचो. तीन. मग चहा गोड लागायचा. मोजड्या आजतागायत घातल्या नाहीत. बघा तिकडे, लटकतायत.

आज सकाळी अंगण झाडताना पेमीला एक खिळा सापडला. नव्यासारखा. मी मोजडी काढून पाहिली. डावीच्या टाचेला दोनच खिळे, तिसऱ्याच्या जागी भोक होतं, आणि भोकात वाळू.

आणि दुपारी तुम्ही आलात, नेतासरला नेता का विचारत.

दिवसभर विचार करतोय. भीती वाटते, वाटायचीच. पण त्या विचारण्याने आठ महिने झोप नाही हो... लूणा दमला का. किती वाट बघायला लावायची म्हातारीला?

नेतो. बडा बाग राहू दे, पहाटे सहाला निघू, ऊन चढायच्या आत तुमचं सगळं बघून होईल. पाणी भरपूर घ्या, पण फक्त तुमच्यापुरतं. परतीचा रस्ता सरळ आहे, चुकायला जागाच नाही.

तुम्हाला जीप चालवता येते ना?