तीन कड्यांचं दार

जुनं सागवान स्वस्तात मिळतंय म्हणून सकाळपासून नाचते आहेस ना, स्वाती? घे की. मी नको म्हणत नाही. फक्त दार घेणार असशील तर त्याची दोन्ही अंगं नीट बघून घे.

का म्हणून विचारतेस? बस इथं. अभिषेक, तो मोबाइल ठेव जरा.

जयतीर्थ माझ्याबरोबर शाळेत गणित शिकवायचा. हुबळीत, कमरीपेठेत त्याचं छोटं घर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची झोपायची खोली, एवढंच. बायको वारल्यापासून घर सांभाळायची त्याची धाकटी बहीण, अंबूताई. तीही विधवा. मागची खोली तिचीच होती, अकरा वर्षं. मग मुलगी रोहिणी बाळंतपणाला येणार असं ठरलं, आणि जयतीर्थानं ती खोली नवी करायला काढली. अंबूताईनं आपली गादी उचलून स्वयंपाकघरात नेली. बोलली काहीच नाही.

पैसा बेताचा. म्हणून सगळं जुनं आणायचं ठरलं. एका बंद पडलेल्या वसतिगृहाची खिडकी मिळाली, कुणाच्या तरी अंगणातली शहाबादी फरशी मिळाली. राहिलं दार. त्यासाठी मी त्याच्याबरोबर जुन्या हुबळीतल्या वखारीत गेलो. ढिगात एक दार उभं होतं. काळंभोर सागवान, वाळवीचं नाव नाही. कुठल्या घराचं म्हणून विचारलं तर वखारवाला म्हणाला, "घरं रोज पडतात, सर. कुठलं ध्यानात ठेवू?"

सुतार परशुराम, अळणावरकडचा. दार आडवं टाकून त्यानं हात फिरवला आणि थांबला.

"सर, याला तीन कड्या आहेत. तिन्ही बाहेरून."

"मग?"

"आतनं एकही नाही. कधी नव्हतीच. भोकसुद्धा नाही बघा."

जयतीर्थ हसला. म्हणाला, तिन्ही काढ, भोकं बुजव, आतून एक नवी लाव. परशुरामानं तसं केलं. काम झकास झालं. रोहिणी आली, खोली बघून खूश झाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, रात्री बाहेरून कडी का लावली होती? मला उठायचं होतं. दार उघडेना."

कडी होतीच कुठं?

लाकूड फुगलं असेल म्हणून परशुरामाला बोलावलं. त्यानं रंधा मारला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आता जयतीर्थाला सुताराचाच संशय यायला लागला. तो चिडला. परशुराम शांतपणे म्हणाला, "सर, फुगलेलं दार वर नाहीतर खाली घासतं. तुम्ही म्हणता हे मधेच धरतंय. जिथं कडी होती तिथं."

ते ऐकताना अंबूताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जयतीर्थानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. खोली हिची. गेली तेव्हा ही एक शब्द बोलली नाही. रात्री जागी असते ती हीच. बाहेरून दार ओढून धरायला कितीसं बळ लागतं?

हे त्यानं मला स्टाफरूममध्ये सांगितलं. मी म्हणालो, "अरे, तुझी सख्खी बहीण ती." तो म्हणाला, "म्हणूनच पकडून दाखवतो."

बुधवार, वीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. रोहिणीला त्यानं बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपवलं. मागची खोली रिकामी. दार नुसतं लोटलेलं. अंबूताई झोपल्यावर त्यानं हळूच स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली... हो. स्वतःच्या बहिणीला कोंडलं. आणि अंधारात खुर्ची टाकून मागच्या दारासमोर बसला.

साडेबारा. एक. काही नाही.

दोनला दहा कमी असताना टकटक झाली. हलकी. खालच्या बाजूला, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

आतून.

त्यानं वळून पाहिलं. रोहिणी दिवाणावर गाढ झोपलेली.

पुन्हा टकटक. मग आवाज आला. बाईचा. घसा कोरडा पडलेला...

"अण्णा... बागला तगी."

म्हणजे, दार उघड. अंबूताई त्याला अण्णाच म्हणायची. आणि चिडली, घाबरली की कन्नडमध्येच बोलायची. जयतीर्थ ताडकन उठला. कुठून घुसली ही आत? त्यानं दार ढकललं. हलेना. मधे धरलेलं.

"सापडलीस, अंबू! आता बस तिथंच सकाळपर्यंत!"

आत शांत झालं. एकदम.

आणि मागून, स्वयंपाकघरातून...

"अण्णा? कुणाशी बोलतोस?"

...

हे मला सांगताना तो म्हणाला, वेंकटेश, काय सांगू तुला. समोर एक दार. मागं एक दार. एक कडी मी घातलेली. दुसरी...

कसाबसा तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. कडी काढली. अंबूताई गादीवर उठून बसलेली होती. तिनं कडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"मला कोंडलंस?"

त्याच क्षणी मागच्या खोलीकडून आवाज झाला. खण्ण. लोखंडाचा. एक. मग दुसरा. मग तिसरा.

दार आपोआप उघडलं.

आत कुणी नव्हतं.

सकाळी त्यानं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा परशुराम दार उतरवत होता. त्याचं त्यानंच गाडीवर घालून नेलं, कुठं ते आम्ही विचारलं नाही. रोहिणीला पुढं मुलगी झाली, दोघी छान आहेत. जयतीर्थानं बहिणीचे पाय धरले, लहान होती तरी. ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस, अण्णा." पुन्हा कधी तो विषय काढला नाही तिनं. पण त्या घरात अजून कुठल्याच आतल्या दाराला कडी नाही. पडदे आहेत.

एकच गोष्ट मला सांगता येत नाही. ती मी डोळ्यांनी पाहिली.

रोहिणीला रात्री तहान लागते म्हणून अंबूताई रोज मागच्या खोलीत खाटेजवळ पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची. त्या रात्रीही सवयीनं ठेवला होता, गळ्यापर्यंत भरून.

सकाळी तो उंबऱ्याशी होता. आतल्या बाजूला. पालथा. मी उचलून पाहिला... आत थेंब नव्हता.

आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत.