खोक्यातला घुमारा

दार लोटून घ्या, आणि मधे बोलू नका. माझ्या ओळखीतल्या एका सुताराची ही हकीकत. खोटं वाटलं तर वाटू दे.

लाउडस्पीकरची खोकी बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक साउंडवाला त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. एकमेकांच्या घरी न विचारता पानावर बसायचे. गेल्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी रात्री पावणेअकराला दोस्ताचा फोन आला. "मोठ्या खोक्यात फळी खडखडतेय. सकाळी माल हलवायचाय. येतोस?"

हा उठला, हत्यारांची पिशवी घेतली आणि गेला.

बंद पडलेल्या थिएटरात ते खोकं उभं होतं. खोलीएवढं. मागच्या दारातून माणूस आत जाई. महिन्यापूर्वी दोस्ताचा जुना ऑपरेटर याच खोक्यासमोर छाती धरून कोसळला होता, जागच्या जागी गेला. म्हणून सुताराने आधी वायर पाहिली. काढलेली होती. मग आत शिरला.

फळ्या घट्ट होत्या. एकही हलत नव्हती.

"अरे, इथे तर काही..."

मागे कडी लागली.

"चेष्टा पुरे," सुतार म्हणाला.

बाहेरून दोस्ताचा रडवेला आवाज आला. "महिनाभर डोळा लागला नाही रे. त्या ऑपरेटरचा घुमारा माझ्या छातीत येऊन बसलाय. दुसऱ्या कुणाला दिला तरच सुटतो."

"आणि तुला मीच सापडलो?"

"एवढ्या रात्री, एका हाकेवर... दुसरं कोण आलं असतं?"

मग अंधार थरथरला.

कानाला काही नाही. आधी पोटात. मग बरगड्यांत. मग दातांत. कुणीतरी अगदी जवळ होतं... त्याच्या श्वासाला श्वास लावून...

बऱ्याच वेळाने कडी निघाली. दोस्त तिथेच जमिनीवर आडवा झाला. गाढ झोपला. सुतार त्याला ओलांडून घरी आला.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं ठीक. छातीतला घुमारा मात्र थांबेना.

बायको म्हणाली, "मग द्या ना कुणाला तरी."

"कुणाला देऊ? हाक मारली की येतात, ती आपलीच माणसं."

मार्चमध्ये सुतार गेला. त्याचं दुकान तेव्हापासून बंद. रोज संध्याकाळी बायको तिथल्या टेबलावरचा लाकडाचा भुसा हाताने विस्कटते, स्वतः कुलूप लावते. सकाळी उघडते तेव्हा भुशाची वर्तुळं झालेली असतात. एकात एक. मधोमध मुठीएवढी जागा... साफ.