सनूसीची रिकामी खुर्ची

दार ओढून घे, मीदो. समुद्राचा वारा आत येतोय आणि माझा चहा गार होतोय. भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? मग ते मोबाइल पालथे घाला. आणि मध्येच 'खरं का हो, दसूकीकाका?' असं कुणी विचारलं, तर त्याने उठायचं, फेरीबोट धरायची आणि पलीकडे आपल्या घरी जाऊन झोपायचं. ज्याच्या बाबतीत घडलं, त्याला तुम्ही सगळे ओळखता. मासळीबाजाराबाहेर डाव्या हाताने चहा पीत बसतो तो. शहाता.

आता डाव्या हाताने पितो. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात सगळ्या पोर्ट सईदला माहीत होता. दुकानांच्या पाट्या, होड्यांवरची नावं, सगळं या उस्ताच्या हातचं. पोट पाट्यांवर चालायचं, पण जीव होता चित्रांच्या वहीत. काळ्या पुठ्ठ्याची जाड वही, बोरूची लेखणी, शाईची बाटली. संध्याकाळी कुठेतरी खुर्ची टाकायची आणि समोर दिसेल ते काढायचं. इस्त्रीवाला, बाल्कनीतून दोरीने टोपली सोडणाऱ्या बायका, कलेजीच्या गाडीमागे भांडणारी मांजरंसुद्धा. दर गुरुवारी आमच्या गाण्याच्या बैठकीत यायचा आणि गोलात बसलेला एकेक माणूस क्रमाने उतरवायचा. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. काढताना कागदाकडे बघायचाच नाही, नजर समोर. हात काय काढतोय ते डोक्याला मागून कळायचं. "शाईने पडलं ते पडलं," म्हणायचा. कधी पान फाडलं नाही त्याने.

तर गोष्ट सुरू होते शाईच्या बाटलीपासून. अकरा जानेवारी, गुरुवार. संध्याकाळची, मगरिबची नमाज नुकतीच झाली होती आणि शहाता शाई आणायला निघाला होता. चाळीस दिवस त्याने लेखणीला हात लावला नव्हता. पण त्या दुपारी रतीबा त्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. सनूसीची बायको.

"उस्ता," ती म्हणाली, "आज माझ्या माणसाची चाळिसावी रात्र. त्याची खुर्ची तेवढी काढून द्या. माझ्या लेकीला भिंतीवर लावायला काहीतरी असू दे."

"शाई संपलीये, ताई."

"मग आणा की! शाईच आहे, सोनं नाही मागत मी."

शहाताने मान खाली घातली आणि हो म्हणाला.

सनूसीला तुम्ही लहानपणी ऐकलं असेल. मांडीवर सिमसिमिया घेऊन बसला, की तारांवर त्याची बोटं दिसायची नाहीत, नुसता आवाज. ते वाद्य त्याने स्वतः घडवलेलं. दोन डिसेंबरला, शनिवारी, तो समोरच्या त्या घराच्या तिसऱ्या मजल्याच्या लाकडी बाल्कनीतून खाली पडला. हो, तेच घर. बघू नकोस आता तिकडे. पोलिसांच्या कागदावर लिहिलं, 'पडला.' गल्ली म्हणाली, पडतोय कसला, उडी मारली. आणि उडी मारली म्हटल्यावर लोक कसे वागतात ते तुम्हाला माहीत आहे. मातमाला चार माणसं. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. पोराची आई म्हणे, "ज्याने आपला जीव आपण घेतला, त्याची पोरगी आम्हाला नको." रतीबा दारोदार फिरली. "त्याने उडी मारली नाही हो. सकाळी माझ्याकडून संध्याकाळसाठी मासे तळून मागितले होते त्याने. उडी मारणारा माणूस मासे मागतो का?" लोक हो हो म्हणायचे आणि दार लावायचे. संताप येतो आजही. त्या लोकांचाही आणि... जाऊ दे.

आता खरं काय झालं ते ऐका.

त्या शनिवारी बांग चालू होती. गल्ली रिकामी, सगळे मशिदीत. याच कॉफीघराबाहेर शहाता वही घेऊन बसला होता, समोरच्या बाल्कन्या काढत. शेजारच्या खुर्चीवर एक जण सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. बाकी कुणी नाही. वर बाल्कनीत सनूसी आणि तलअत. तलअत म्हणजे आमच्या बैठकीचा गाणारा. आडदांड गडी, गळा मात्र रेशमाचा. दोघांचं वाजलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवाने सनूसीला बोलावलं होतं. एकट्या सनूसीला.

तलअतने त्याला छातीला धरून कठड्यावरून ढकललं. सनूसीने पडता पडता कठडा पकडला. दहा बोटांवर लटकला. ओरडला असेल, पण भोंग्याच्या आवाजात काय ऐकू येणार? तलअतने इकडेतिकडे बघितलं. बाल्कनीत मसाला कुटायचा पितळी खलबत्ता पडला होता. त्याने बत्ता उचलला. आणि त्या बोटांवर... एकेका बोटावर. घाई न करता. सहा बोटं फुटेपर्यंत सनूसी धरून होता.

शहाताचा हात थांबला नव्हता. सनूसी फरशीवर आदळला तेव्हा त्याने खाली बघितलं. पानावर सगळं होतं. कठडा. बोटं. वर उचललेला बत्ता आणि तलअतचा चेहरा.

लोक धावले. तलअत खाली आला, सगळ्यांत मोठ्याने तोच रडत होता. रडता रडता शहाताच्या मागे येऊन उभा राहिला, पानाकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उस्ता, काय सुंदर हात दिलाय रे देवाने तुला. जप हो." मग शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाला, "बिया गरम आहेत का?"

त्या रात्री शहाताने शाईची बाटली त्या पानावर उपडी केली. अख्खी. शाई संपली ती अशी.

आता आमच्या बैठकीची रीत तुम्हाला माहीत आहे. वाजवणारा गेला की चाळीस रात्री त्याची खुर्ची गोलात रिकामी ठेवायची. वाद्याच्या तारा ढिल्या करून ते खुर्चीवर आडवं ठेवायचं. चाळिसाव्या रात्री मोठ्या माणसाने तारा पुन्हा ताणायच्या, एक धून वाजवायची आणि मग वाद्य घरच्यांना द्यायचं. त्याआधी तारांना कुणी बोट लावत नाही. तो मान तलअतने स्वतःकडे मागून घेतला. "माझ्या भावाची सिमसिमिया मीच लावणार," म्हणाला. खुन्याचा निर्लज्जपणा बघा. रतीबाने वर त्याला दुवा दिली.

रात्री साडेआठला मागच्या अंगणात बैठक बसली. दिवे सगळे चालू. वीज-बीज गेली नाही हं, पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली झालंय हे सगळं. आम्ही बारा जण. मी डफ घेऊन. रतीबा लेकीला घेऊन खिडकीआड. शहाता रिकाम्या खुर्चीच्या बरोबर समोर, नवीन शाई घेऊन. नेहमीसारखा एकेक जण काढत चालला. बासरीवाला झाला. टाळ्या देणारे झाले. तलअत झाला. मग खुर्ची आली.

नऊ वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ बघितलं, कारण माझं डफ गार पडलं होतं आणि मला ते शेगडीवर धरायचं होतं.

शहाता थांबला. कागदाकडे बघितलं. तो कधी बघायचा नाही.

"तारा ताणलेल्या काढल्यात मी," तो हळूच म्हणाला.

"मग ढिल्या काढ की, गाढवा," कुणीतरी हसलं.

तेवढ्यात खुंटी करकरली.

खुर्चीवर कुणी नव्हतं. खुंटी फिरत होती. एक तार ताणली. मग दुसरी... तिसरी...

"दमट हवा आहे," तलअत म्हणाला. "लाकूड फुगतं." आणि आपण घाबरलो नाही हे दाखवायला उठला. वाद्य उचललं. मांडीवर घेतलं. तारांवर बोटं ठेवली.

धून वाजायला लागली. सनूसीची. त्या लयीत, त्या ठसक्यात. तलअतला वाजवता येत नव्हतं, पोरांनो. गाणारा होता तो.

हात काढायला गेला... निघेना.

धून वाढली.

तारा बोटांत रुतल्या. आधी कातडी. मग मांस. रक्त पांढऱ्या पायघोळ गलबियावरून घोट्यापर्यंत ओघळलं. तो किंचाळत होता आणि हात वाजवत होता. पहिलं बोट फरशीवर पडलं. मग दुसरं. आम्ही तिघे धावलो, हात ओढले. मला झटका बसला, मी भिंतीवर जाऊन आपटलो. ही खूण बघा कपाळावर.

"सोड!" तलअत रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडला. "सनूसी, सोड! मी मारलं... मी बत्ता मारला... उडी नाही मारली त्याने! मी पाडलं!"

खिडकीत रतीबा उभी राहिली.

तारा तुटल्या. एकदम. एक उसळली आणि त्याच्या गळ्याभोवती बसली... दोन वेढे... मागून कुणीतरी ओढावी तशी. त्याच्या टाचा फरशीवर खरडत होत्या. मी पक्कड आणायला धावलो. परत आलो तेव्हा टाचा थांबल्या होत्या.

आणि त्या शांततेत...

कट्.

शहाता खुर्चीवरच होता. लेखणी चालू होती. बघत नव्हता तो, डोळे पांढरे झाले होते.

कट्.

त्याचं मधलं बोट. कुणी शिवलं नाही. आपोआप चेपलं. नख फुटून बाजूला झालं.

कट्... कट्...

तरी हात काढतच होता.

पाचवं बोट गेलं, तेव्हा लेखणी खाली पडली.

मग रतीबा बाहेर आली. अनवाणी. रक्तात पाय ठेवत अंगण ओलांडलं, दिंडी उघडली आणि गल्लीत उभी राहून ओरडली, "ऐकलंत का? माझ्या माणसाने उडी नव्हती मारली!" तीनदा. एकेक खिडकी उघडत गेली. मी आयुष्यात इतका रडलो नाही. दुसऱ्या दिवशी सनूसीच्या मातमाला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते लग्न मोडणारेही आले होते, त्यांना तिने चहासुद्धा विचारला नाही. झकास केलं.

पोलिसांनी लिहिलं, तार तुटून अपघात. डॉक्टरांनी शहाताची तीन बोटं काढली. त्याने वही मला दिली. "काका, माझ्या घरात नको," म्हणाला.

ही काय. माझ्या बाकाखालीच असते.

हे डागाचं पान. आणि हे पुढचं. चाळिसाव्या रात्रीचं.

नीट बघा. शहाता खुर्चीच्या समोर बसला होता ना? मग या चित्रात रिकामी खुर्ची दिसायला हवी. ती नाही. बैठक खुर्चीवरून दिसते तशी आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसावी तशी. समोर शहाता आहे, मांडीवर वही. त्याने आयुष्यात स्वतःला कधी काढलं नाही. उजव्या मनगटापुढे हात नाही, शाईचा डाग आहे. झाकणाऱ्याचा हात सनूसीने झाकला.

बाकी सगळे जसेच्या तसे. फक्त डाव्या कोपऱ्यातला एक जण बघा. डफ घेऊन बसलेला. पायाशी बियांची टरफलं.

त्याला तोंड नाही. तिथेही डाग आहे.

तुम्ही कुणी विचारलंच नाहीत, त्या शनिवारी शहाताच्या शेजारी कोण बसलं होतं. मी होतो, पोरांनो. माझ्या बिया हातात गार पडल्या. तो लटकत होता तेव्हा मी ओरडलो असतो तर... ओरडलो नाही. चाळीस दिवस रतीबा माझ्याही दारात येत होती. मीही हो हो म्हणायचो. तिला अजून हे माहीत नाही. उद्या सकाळी जाऊन सांगणार आहे. त्याआधी एकदा कुणापुढे तरी तोंड उघडून बघायचं होतं, म्हणून ही गोष्ट. आज पहिल्यांदा पूर्ण सांगितली.

मला बघवत नाही. मीदो, तू बघ. दिव्याजवळ धर. तोंड आलंय का मला?

... काय रे? बोल की.

वही का मिटलीस?

आणि अंगठ्याला काय लागलंय तुझ्या?... पुसू नकोस, दाखव इकडे. दोन वर्षं झाली रे त्या शाईला, ओली कशी?